मोळीचा इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघावयाची आहे, तीत आपणही जुन्या काळाविषयी काही लिहावे, अशी सूचना संपादक-भगिनींकडून आली. इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात, आणि त्या विषयांवर लिहिणारे अधिकारी लोक पुष्कळ आहेत. परंतु एक विषय असा आहे की, ज्याची माहिती आपल्यापैकी साठी उलटलेल्या बहुतेक जणींना आहे आणि तरीही इतिहासाच्या पुस्तकांत जो फारसा सापडत नाही. तो विषय म्हणजे सरपण.

जंगलांचा इतिहास लिहिला गेला आहे. त्यात जहाजांना लागलेला साग येतो, आगगाडीच्या रुळांखालची लाकडे येतात, सरकारी कायदे येतात. चुलीत गेलेले लाकूड, आणि ते ओळखणारी, तोडणारी, वाळवणारी व डोक्यावरून आणणारी बाई मात्र त्यात कडेला कोठेतरी उभी असते. बरे, तीही पुष्कळदा आरोपी म्हणून! डोंगर उजाड का झाले, ह्या प्रश्नाला ‘मोळीवाल्यांनी तोडले’ हे उत्तर आपण सर्वांनीच ऐकले आहे. ते कितपत खरे आहे, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

माझे माहेर त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले (१९८१ साली ह्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले) आणि सासर पुण्यातले. त्यामुळे लाकूड रानातून घरी येताना आणि वखारीतून घरी येताना, अशा दोन्ही रीतींनी मी पाहिले आहे. प्रथम त्या लाकडाचीच ओळख करून घेऊ. कारण ती ओळख हे एक शास्त्रच होते, आणि ते बहुतांशी बायकांचे होते.

चुलीजवळ बसणाऱ्या बाईच्या दृष्टीने लाकडाचे दोनच मोठे भेद : जड आणि हलके, ओले आणि सुके. वाळलेले कोणतेही लाकूड घेतले तरी शेरास शेर त्याची उष्णता जवळजवळ सारखीच असते, असे आता शास्त्रज्ञ सांगतात. फरक पडतो तो लाकडाच्या घट्टपणाने आणि त्यात राहिलेल्या पाण्याने. बाभूळ, खैर, धावडा, बोर, चिंच ही जड लाकडे. ती सावकाश पेटतात, पण एकदा पेटली की निखारा धरून बसतात. भाकरी भाजावयाची, डाळ शिजत ठेवावयाची, तर चुलीत बाभूळ हवी. देशावर बाभूळ ही गरिबाची लक्ष्मीच. तिची साल कातडी कमावण्याला, शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला आणि उरलेले सगळे चुलीला. कोकणात हा मान ऐनाकडे आणि किंजळीकडे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी फाटलेली असते, म्हणून पाने नसलेले वाळके खोडही लांबून ओळखू येते.

सावर, पांगारा आणि शेवगा ही हलक्या जातीची लाकडे. सावरीचे लाकूड बाभळीच्या निम्म्याइतकेच वजनाला भरते. भडकन् पेटते आणि डाळीला उकळी फुटायच्या आत राख होते. तरीही शहाणी बाई तिला नाक मुरडीत नसे. चूल पेटवण्यापुरती एक-दोन काटकी तिची लागेच. सुरूचे लाकूड किनाऱ्यावरच्या भगिनींना ठाऊक आहेच. ते थोडे ओलसर असले तरी पेट घेते आणि त्याचा जाळ कडक असतो. आंब्याचे लाकूड चुलीला मध्यम, धूर बराच. वड-पिंपळाला बहुतेक घरांत कुऱ्हाड लावीत नसत. उंबर आणि पळस समिधांसाठी. बिब्ब्याचे लाकूड चुलीत घालू नये, त्याच्या धुराने तोंड सुजते, हे आजी आम्हांला रानात पाऊल टाकण्यापूर्वी बजावीत असे.

ज्या भागात रान नाही तेथे शेतच सरपण पुरवी. वऱ्हाडात कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या. देशावर ज्वारीची धसकटे आणि गोवऱ्या. ऊस असेल तेथे चिपाडे. आणि नारळीच्या बागेत झावळ्या, करवंट्या व सोडणे. तुराटीचा जाळ मोठा पण अल्पजीवी, म्हणून चुलीपुढून उठावयाची सोय नाही. गोवरीचा जाळ मंद, म्हणून दूध तापत ठेवावयास उत्तम. कोणत्या पदार्थाला कोणते जळण, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. पण सासरी आलेल्या मुलीला ते पहिल्या वर्षात शिकावेच लागे.

आता ओल्या-सुक्याचे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असते. असे लाकूड चुलीत घातले म्हणजे अन्न शिजण्याऐवजी आधी ते पाणीच उकळत बसते, टोकाशी फेस येतो, सूं सूं आवाज होतो आणि घरभर धूर कोंडतो. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण खरी, पण सुक्याची धग त्यात खर्ची पडते, हे म्हण सांगत नाही. म्हणून लाकूड घेताना माझी आई दोन तुकडे एकमेकांवर वाजवून पाही. ठणठणीत आवाज आला तर सुके, बद्द आला तर ओले. टोकाला भेगा पडलेल्या असाव्या, साल नखाने सुटावी आणि हातात घेतल्यावर दिसते त्यापेक्षा हलके लागावे, ह्या तिच्या आणखी तीन कसोट्या.

तोडण्याचेही नियम होते. आधी पडलेले उचलावे, मग झाडावरच वाळलेले काढावे, आणि ओली फांदी घेणेच झाले तर शेंडा राखून बाजूची घ्यावी, म्हणजे झाड पुन्हा फुटते. ओंडका फोडताना गाठीवर घाव घालू नये. धाग्याच्या रेषेत भेग पाडावी, त्या भेगेत पाचर बसवावी आणि वरून घण घालावा. कुऱ्हाड पुरुषांच्या हातात असे, कोयता बायकांच्या. दिवाळीनंतर तोड सुरू होई, उन्हाळाभर लाकूड उन्हात पडे आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी ते पडवीत, माळ्यावर, चुलीमागे रचून होई. ह्याला आगोटीची बेगमी म्हणत. कोकणातला पावसाळा चार महिन्यांचा. ज्या घराची बेगमी अपुरी पडली, त्या घरच्या सुनेचे श्रावण-भाद्रपद फुंकणी फुंकण्यात आणि डोळे पुसण्यात जात.

ही झाली घरातली गोष्ट. आता ह्या लाकडाच्या वाटेत राज्य कसे आले, ते पाहू.

शिवाजी महाराजांचे १६७३ सालचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. कुणब्यांच्या घरून दाणे, भाकरी, गवत, भाजी आणि फाटे जबरदस्तीने आणू नयेत, पैसे देऊन बाजारातून विकत घ्यावेत, अशी सक्त ताकीद त्यात आहे. फाटे म्हणजे सरपण. शेतकऱ्याच्या घरचे सरपण हेही त्याचे धन आहे, ते लुटणे म्हणजे रयतेला लुटणे, हे त्या राजाने दाण्याच्या आणि भाकरीच्या पंक्तीला बसवून सांगितले. पुढे १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे ह्याविषयी आज्ञा आहेत. आंबा-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून आणि मोल देऊन मग तोडावे, असे त्यात बजावले आहे.

इंग्रजी अमलात हिशेब निराळा झाला. त्यांना प्रथम जहाजांसाठी साग हवा होता. त्यासाठी १८०६ सालीच मलबारात खास अधिकारी नेमला गेला. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले जंगल-अधिकारी झाले. आपल्या पुण्याजवळ दापोडीला वनस्पतींची सरकारी बाग होती, तिचे हे प्रमुख. पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि रुळांचे जाळे पसरू लागले. एका मैलाच्या रुळांखाली सतराशे ते दोन हजार लाकडी स्लीपर लागत, आणि ते काही वर्षांनी कुजले की पुन्हा घालावे लागत. हे लाकूड काही कोणा बाईच्या मोळीतून आले नव्हते.

१८६५ साली पहिला जंगल-कायदा झाला आणि १८७८ साली दुसरा, अधिक कडक. ह्या दुसऱ्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि गावाची असे जंगलाचे तीन भाग ठरवले. राखीव जंगलात जे स्पष्टपणे दिलेले नाही ते सारे मना. आजवर आजी-पणजी ज्या डोंगरावरून सुकी काटकी उचलीत आली, तो डोंगर सरकारी झाला आणि उचलणारी गुन्हेगार ठरली. ठाणे आणि कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांत ह्यामुळे एवढा असंतोष माजला की, सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले; त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. त्या तक्रारींत भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचा, म्हणजे राबाचा, प्रश्न मोठा होता. ऐन-किंजळीच्या कवळाशिवाय राब नाही आणि राबाशिवाय रोप नाही, हे कोकणातल्या भगिनींना सांगावयास नको.

महात्मा जोतीराव फुले ह्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या १८८३ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात हीच व्यथा मांडली आहे. ज्यांचे शेतावर भागत नसे, असे गरीब शेतकरी पूर्वी रानातली फळे खाऊन आणि पाने, फुले व लाकूडफाटा विकून मीठ-मिरचीपुरते पैसे मिळवीत व दोन शेळ्या पाळीत. जंगलखात्याने तो आधार काढून घेतला, असा त्यांचा रोख होता.

हा राग १९३० साली जंगल-सत्याग्रहाच्या रूपाने बाहेर पडला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसदजवळ राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. बिळाशीला, संगमनेर-अकोले भागात आणि इतरत्रही लोक विळे-कोयते घेऊन निघाले. आमच्या जिल्ह्यात उरणजवळ चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार होऊन माणसे मेली. ही हकिगत आमच्या घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, मध्यप्रांतातील शिवनी जिल्ह्यात तुरिया येथे पोलिसांच्या गोळ्यांनी चौघे मृत्युमुखी पडले. त्या चौघांपैकी तिघी स्त्रिया होत्या. स्वातंत्र्यलढ्याच्या भाषणांत आपण मोठमोठ्या देशसेविकांची नावे घेतो, आणि घ्यावीतच. पण रानातल्या गवताकाडीवरच्या हक्कासाठी प्राण देणाऱ्या ह्या तिघींची आठवण मंडळाच्या व्यासपीठावरून एकदा तरी व्हावयास हवी.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. जंगल खाल्ले कोणी?

आमच्या दारी कातकरणी मोळ्या घेऊन येत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वीस-पंचवीस किलोची मोळी आणि पुष्कळदा पाठीशी झोळीत मूल. “बाय, ऐनाची हाय, वाजवून बघा,” असे म्हणून ती मोळी ओटीखाली टाकी. मग आई वाजवून पाही, दोन आण्यांवरून घासाघीस होई आणि ती पाणी पिऊन परत फिरे. तिचा हिशेब मांडला तर एक दिवस रानात गोळा करण्यात आणि अर्धा दिवस बाजाराच्या वाटेवर, असा दीड दिवस त्या एका मोळीत जाई. ती मोळी मनगटाएवढ्या जाडीच्या सुक्या फांद्यांची असे. सबंध झाड तोडून डोक्यावर घेणे एकट्या बाईला शक्य तरी आहे काय? खेड्यातल्या चुलींत मुख्यतः बांधावरच्या फांद्या, काटक्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्याच जात आल्या आहेत, हे पुढे अभ्यासकांनीही दाखवून दिले. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल ह्यांनी १९८६ साली सरपणाच्या टंचाईवर एक ग्रंथच लिहिला आणि ह्या टंचाईचा भार बायकांवर कसा पडतो ते त्यात मांडले.

सबंध झाडे तुटली ती ठेकेदाराच्या कुपांत, आणि ती आली शहरांत. पुण्याला लग्न होऊन आल्यावर मी वखार पाहिली. छपराखाली रचलेले ओंडके, मधोमध टांगलेला भला मोठा काटा आणि फोडणाऱ्यांच्या कुऱ्हाडींचा दिवसभर आवाज. पावसाळ्यात वखारवाला वजनाने लाकूड देई, म्हणजे लाकडाच्या भावाने पाणीही विकी. वाड्यावाड्यांतून तांब्याचे बंब पेटत, त्यांत ढलप्या जात. आणि ज्यांना धूर नको होता, ते कोळशाची शेगडी वापरीत. आपली शेगडी स्वच्छ, धूर नाही, भांडी काळी होत नाहीत, म्हणून आपण तिचे कौतुक करीत असू. परंतु मातीच्या भट्टीत सुमारे पाच-सहा किलो लाकूड जळावे तेव्हा एक किलो कोळसा हाती येतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात जो धूर झाला नाही, तो मावळात किंवा कुलाब्याच्या रानात होऊन गेलेला असे. त्या भट्ट्या लावणारी बरीचशी कुटुंबे कातकऱ्यांची. दिवाळीनंतर उचल घेऊन ती रानात जात, झापाच्या खोपटात राहत आणि पावसाच्या तोंडावर परतत. पुष्कळदा उचल फिटलेली नसेच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा मोटारीदेखील कोळशाच्या धुरावर धावू लागल्या, आणि ह्या भट्ट्यांची मागणी आणखी वाढली.

ठाणे जिल्ह्यात तर जंगलतोडीचे काम म्हणजे जवळजवळ वेठबिगारच होती. १९४५-४६ साली वारली स्त्री-पुरुष गोदावरीबाई परुळेकर आणि त्यांचे सहकारी ह्यांच्या पुढारीपणाखाली उठले, त्यांच्या मागण्यांत गवताच्या आणि जंगलकामाच्या योग्य मजुरीची मागणी होती. गोदावरीबाईंनी ती हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात लिहिली आहे. आपल्या वाचनालयात ते असेल तर प्रत्येकीने अवश्य वाचावे. ठेकेदार काढून टाकण्यासाठी जंगल-कामगारांच्या सहकारी संस्था मुंबई राज्यात १९४७ पासून निघू लागल्या, हा त्याच काळाचा एक चांगला परिणाम.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल की, जुन्या चुलीचे आणि जुन्या सरपणाचे फार गोडवे गाता. तसे मुळीच नाही. उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी शंभरातले दहा-पंधराच भाग भांड्याला पोचतात. बाकीचे भिंती तापवतात आणि बाईला भाजतात. धुराचे तर विचारूच नये. दिल्लीच्या डॉ. पद्मावती, ज्यांना भारतातील पहिल्या स्त्री-हृदयरोगतज्ज्ञ म्हणून मान आहे, त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत १९५९ साली एक संशोधन प्रसिद्ध केले. फुप्फुसांच्या विकाराने हृदयावर ताण पडण्याचा रोग विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांतही पुरुषांइतकाच आढळतो, असे त्यांना दिसले, आणि त्यांचा संशय चुलीच्या धुराकडे गेला. आपल्या आज्या-पणज्यांचा तो ‘जुनाट खोकला’ म्हणजे काय होते, हे तेव्हा प्रथम कोणी नीट विचारले.

चूल सुधारावी असे प्रयत्न त्याआधीपासून चालू होते. वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने धुराडे असलेली मगन चूल केली. पुढे १९८० नंतरच्या दशकात सरकारनेच सुधारित चुलींची देशव्यापी योजना काढली. जेथे बाईला विचारून चूल बांधली तेथे ती टिकली. जेथे मापे वरून आली तेथे ती मोडली, कारण भाकरीच्या तव्याला आणि पाण्याच्या हंड्याला एकच तोंड चालत नाही, हे मापे काढणाऱ्याला ठाऊक नव्हते. गॅस मुंबईत १९५५च्या सुमारास आला आणि हळूहळू आपल्या घरोघरी पोचला. तरी २०११च्या जनगणनेत देशातील शंभरापैकी एकोणपन्नास घरे लाकडावरच रांधीत होती. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडण्या मिळू लागल्या, ही मोठी गोष्ट झाली. मात्र टाकी पुन्हा भरून घेण्याइतके पैसे हाताशी नसले की शेगडी झाकून ठेवून चूल पेटवणारी घरे अजूनही आहेत. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना गावाकडचे विचारून पाहावे, त्या सांगतील.

कायद्यानेही उशिरा का होईना, वाट थोडी बदलली. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या करताना मध, लाख, पाने ह्या जातीच्या वस्तूंबरोबर झुडपी लाकूड आणि खुंटही धरले आहेत, आणि परंपरेने रानावर जगणाऱ्यांचा त्यांवरचा हक्क मान्य केला आहे. १८७८ साली जी काटकी गुन्हा ठरली, ती पुन्हा हक्काची व्हावयास १२८ वर्षे लागली. शिवकालीन पत्रातले ते फाटे आणि ह्या कायद्यातले हे झुडपी लाकूड, दोन्ही एकाच बाईच्या डोक्यावरचे.

तेव्हा ‘मोळीवाल्यांनी जंगल तोडले’ असे पुन्हा कानी आले, तर माझ्या भगिनींनी ते तसेच पुढे सांगू नये, एवढीच विनंती. जहाजांनी, रुळांनी, युद्धाने आणि आपल्या शहरांच्या वखारींनी काय नेले, ते आधी मोजावे.

आणखी एक सूचना मंडळापुढे ठेवते. कोणते लाकूड कशाला, ते कसे वाळवावे, कोणते चुलीत घालू नये, ही माहिती ज्यांच्या हातांना आहे, अशा आपल्यात आता थोड्याच जणी उरल्या आहेत. येत्या वर्षी दर महिन्याच्या सभेत एकेकीने आपल्या गावची सरपणाची माहिती सांगावी आणि एकीने ती वहीत उतरून घ्यावी. वऱ्हाडच्या, खानदेशच्या, मराठवाड्याच्या भगिनी आपल्या मंडळात आहेत. प्रत्येकीचे लाकूड निराळे, नाव निराळे. ही वही मंडळाच्या वाचनालयात राहील. कोकणापुरती पाने भरून देण्याचे काम मी आनंदाने पत्करते.